डोळ्यांतील लोहकणाचा ठाव

छिन्नीच्या माथ्यावर हातोड्याचा घाव बसला म्हणजे पोलादाची एखादी कपची उडते, हें कारखान्यांत काम करणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. बहुतेक कपच्या जमिनीवर पडतात, कांहीं कपड्यांत अडकतात. परंतु क्वचित् एखादी, टांचणीच्या डोक्याएवढी किंवा त्याहूनहि लहान, गोळीसारखी येऊन डोळा भेदते व आंत जाऊन बसते. नवल असें कीं, ज्याच्या डोळ्यांत ती शिरते त्याला पुष्कळदां विशेष कांहीं वाटत नाहीं. क्षणभर टोंचल्यासारखें होतें, थोडें पाणी येतें, आणि पुन्हां पूर्ववत् दिसूं लागतें. जखम इतकी बारीक असते कीं, ती आपोआप मिटून जाते. मनुष्य डोळा चोळतो आणि कामाला लागतो.

अनर्थाचा आरंभ होतो तो त्यानंतर. डोळ्यांतील द्रवांत पडून राहिलेलें लोखंड हळूहळू विरघळूं लागतें, आणि त्याचा अंश भिंगांत, दृष्टिपटलांत, डोळ्याच्या प्रत्येक नाजूक पडद्यांत मुरतो. बुबुळाचा रंग पालटतो, भिंगावर तांबूस डाग उठतात, रात्रीं दिसेनासें होतें, आणि कांहीं महिन्यांनीं किंवा वर्षांनीं दृष्टि जाते. तांब्याचा कण तर याहून उतावळा असतो. शुद्ध तांबें आंत गेलें तर थोड्याच काळांत डोळ्यांत तीव्र दाह माजतो. शिवाय एका डोळ्याच्या जखमेमुळें पुढें दुसऱ्या, धडधाकट डोळ्यालाहि सूज येऊन तोहि जाण्याचा संभव असतो. ही आपत्ति विरळा असली तरी तिची धास्ती इतकी मोठी होती कीं, एकोणिसाव्या शतकांतील नेत्रवैद्य जखमी डोळ्याची आशा नाहीं असें दिसतांच तो काढून टाकीत. दुसरा तरी वाचावा, एवढाच त्यांतला हेतु.

म्हणून अशा रोग्यापुढें उभ्या राहिलेल्या वैद्याला दोन प्रश्नांचीं उत्तरें हवीं असत. डोळ्यांत धातु आहे काय? आणि असेल तर ती नेमकी कोठें आहे? नेत्रगोलाची पुढून मागपर्यंतची लांबी सुमारें २४ मिलिमीटर. एवढ्या जागेंत एक मिलिमीटरची चूक झाली तर डोळ्याच्या आंत असलेला कण बाहेर आहे असें वाटतें, किंवा बाहेर खोबणीच्या चरबींत निरुपद्रवी पडलेल्या कणासाठीं चांगला डोळा उघडला जातो. या दोन प्रश्नांच्या उत्तरांचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

शल्य काढण्याआधीं तें शोधावें, हा विचार भारतांत फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत या विषयावर दोन अध्याय लागोपाठ आले आहेत. २६ व्या अध्यायाचें नांव ‘प्रनष्टशल्यविज्ञानीय’. शरीरांत शिरून दिसेनासें झालेलें शल्य कसें ओळखावें, हें त्यांत सांगितलें आहे. कातडीखालीं शल्य दडलें असल्यास तूप, माती किंवा चंदन यांचा दाट लेप द्यावा, आणि जेथें तूप वितळेल अथवा लेप लवकर वाळेल तेथें शल्य आहे असें समजावें, ही त्यांतील एक युक्ति. त्यापुढचा २७ वा अध्याय ‘शल्यापनयनीय’, म्हणजे शल्य काढण्याच्या उपायांचा. त्या उपायांत अयस्कांत, म्हणजे लोहचुंबक, हाहि आहे. परंतु त्याला अटी घातल्या आहेत. शल्य सरळ असावें, आंत घट्ट रुतलेलें नसावें, त्याला कान अथवा आंकडे नसावेत, आणि जखमेचें तोंड पुरेसें मोठें असावें. हें विवेचन सर्व शरीरासंबंधीं आहे, केवळ डोळ्यासंबंधीं नाहीं. तथापि त्यांतील क्रम ध्यानांत ठेवण्यासारखा आहे: आधीं ठाव, मग ओढ.

युरोपांतील नेत्रचिकित्सेंत हीच गोष्ट उलट्या क्रमानें घडली. ओढण्याचें साधन आधीं हातीं आलें, शोधण्याचें पुष्कळ मागाहून. स्वित्झर्लंडांतील बर्न शहरीं राहणारा प्रख्यात शस्त्रवैद्य फाब्रिसियस हिल्डानस याच्याकडे डोळ्यांत पोलादाचा कण रुतलेला एक रोगी आला होता. नाना उपाय झाले, पण कण निघेना. तेव्हां त्याची पत्नी मारी कोलिने, जी स्वतः सुईणपण व शस्त्रक्रिया यांत निष्णात होती, तिनें लोहचुंबक लावून पाहण्याची युक्ति सुचविली, आणि कण निघाला. ही हकीकत १६२४ सालची. हिल्डानसनें ती लिहून ठेवतांना श्रेय पत्नीलाच दिलें, ही गोष्ट त्या काळाच्या मानानें विशेष होय. पण हा कण पृष्ठभागीं रुतलेला, डोळ्यांना दिसणारा होता. जो दिसत नाहीं त्याचें काय, हा प्रश्न आणखी अडीचशें वर्षें तसाच राहिला.

१८७४ सालीं आयर्लंडांतील बेलफास्ट येथें विल्यम मॅकिऑन या नेत्रवैद्यानें डोळ्याच्या अंतर्भागांत गेलेलें पोलाद चुंबकानें बाहेर काढलें. पांच वर्षांनीं, १८७९ सालीं, बर्लिनच्या यूलियुस हिर्शबर्ग यानें विजेवर चालणारा, हातांत धरण्याजोगा लहान चुंबक या कामीं लावला. त्याचें टोंक जखमेंतून किंवा मुद्दाम केलेल्या छेदांतून डोळ्यांत घालावयाचें आणि कणाजवळ नेऊन प्रवाह सुरू करावयाचा, अशी ती रीत होती. या साधनानें अनेक डोळे वाचले. पण ‘कणाजवळ नेऊन’ हे दोन शब्द म्हणावयास सोपे. भिंग पांढुरकें झालेलें, आंत रक्त सांकळलेलें, अशा डोळ्यांत वैद्याला कांहींच दिसत नसे. आणि चुंबकाचें टोंक घेऊन अंधारांत चांचपडणें म्हणजे रोग्याची उरलीसुरली दृष्टि पणाला लावणें होतें.

१८९२ सालीं झुरिकच्या ओटो हाब यानें यावर वेगळा तोडगा काढला. त्यानें चुंबक डोळ्यांत घालण्याऐवजीं डोळाच चुंबकापाशीं आणला. त्याचा विद्युच्चुंबक प्रचंड होता. रोग्याला त्याच्यासमोर बसवून डोळा त्याच्या टोंकाला भिडविला कीं, आंतील कण मागून पुढें, भिंगाला वळसा घालून, बाहुलीच्या वाटेनें पुढील कप्प्यांत येत असे, आणि मग लहानसा छेद घेऊन तो काढतां येई. हें यंत्र परीक्षेसाठींहि वापरीत. प्रवाह सुरू करतांच रोगी वेदनेनें ओरडला, तर आंत लोखंड आहे असें समजावयाचें. या परीक्षेंत एक भयंकर दोष होता. कण कोठें आहे व त्याची धार कोणीकडे आहे हें ठाऊक नसतांना ती करावी लागे; त्यामुळें तो हलला म्हणजे भिंग फाटे, आंतील रक्तवाहिन्या तुटत, दृष्टिपटल उचकटे. आहे किंवा नाहीं हें कळण्यासाठींच कधीं कधीं डोळ्याची किंमत द्यावी लागत असे.

कण न हलवितां त्याचा पत्ता काढण्याचा प्रयत्न त्याच सुमारास जर्मनींत आस्मुस यानें केला. धाग्यानें टांगलेली चुंबकसूची, तिला जोडलेला बारीक आरसा आणि त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका, असें त्याचें यंत्र होतें. रोग्याचा डोळा जवळ आणला आणि आंत लोखंड असलें तर सूची किंचित् वळे, आणि ठिपका मोजपट्टीवर सरके. युक्ति सुंदर, पण अवघड. कारण आसपासच्या लोखंडाचा व विजेच्या प्रवाहाचाहि त्या सूचीवर परिणाम होई. शिवाय तांबें, शिसें, जस्त यांची वार्ताहि तिला नसे.

इतक्यांत १८९५ सालच्या ८ नोव्हेंबर रोजीं वूर्त्सबुर्ग येथें प्राध्यापक व्हिल्हेल्म राँटगेन यांच्या प्रयोगशाळेंत क्ष-किरणांचा शोध लागला. त्याच वर्षाच्या डिसेंबर अखेरीस त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला, आणि १८९६ च्या पहिल्या महिन्यांतच हाताच्या हाडांचीं छायाचित्रें जगभर पोंचलीं. हातांत मोडलेली सुई, पायांत रुतलेली गोळी यांचा ठाव लागूं लागला. डोळ्याचें काम मात्र वाटलें तितकें सोपें निघालें नाहीं. डोळा हा कवटीच्या हाडांत बसलेला. किरण आरपार जावयाचे तर या हाडांतूनच जावे लागत, आणि बारीक कणाची फिकट छाया त्यांच्या गर्द छायेंत बुडून जाई. त्या काळच्या नळ्या दुबळ्या असल्यामुळें एका चित्रासाठीं रोग्याला मिनिटेंच्या मिनिटें निश्चल राहावें लागे, आणि डोळ्याइतकें चंचल इंद्रिय दुसरें नाहीं.

या अडचणींवर कांचा व नळ्या सुधारून हळूहळू मात करतां आली. त्याहून खोल अडचण दुसरीच होती. क्ष-किरणांचें चित्र ही एक सपाट छाया असते. भिंतीवर पडलेल्या सांवलीवरून पक्षी भिंतीला खेटून आहे कीं हातभर दूर आहे हें सांगतां येत नाहीं. त्याचप्रमाणें छायाचित्रांतील ठिपक्यावरून कण आहे एवढें कळे, पण तो डोळ्यांत आहे, डोळ्यामागें आहे कीं पापणींत आहे, हें कळत नसे. यंत्रानें पहिल्या प्रश्नाचें उत्तर दिलें. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर भूमितीनें द्यावयाचें होतें.

तें देणाऱ्यांत अमेरिकेंतील फिलाडेल्फिया येथील विल्यम स्वीट यांचें नांव अग्रभागीं येतें. त्यांची रीत १८९७ सालीं पुढें आली. रोग्याच्या कानशिलाशीं प्रकाशलेखनाची कांच बांधावयाची. डोळ्यासमोर ठराविक अंतरावर एक आणि बाजूला एक, असे दोन धातूचे दर्शक उभे करावयाचे. मग नळी दोन वेगवेगळ्या ठिकाणीं ठेवून दोन छाया घ्यावयाच्या. नळी सरकली म्हणजे दर्शकांची छाया सरकते आणि कणाचीहि सरकते. दर्शकांचें स्थान माहीत असल्यामुळें, कोण किती सरकलें हें मोजून कणाचें स्थान निघतें. तें नेत्रगोलाची आकृति छापलेल्या आंखीव कागदावर मांडलें कीं, शस्त्रवैद्याच्या हातांत जणूं गांवाचा नकाशाच येई: पारदर्शक पडद्यापासून इतका मागें, मध्यरेषेच्या इतका खालीं, नाकाकडे इतका.

लंडनमध्यें जेम्स मॅकेंझी डेव्हिडसन यांनीं हीच कल्पना अधिक मूर्त केली. ते मूळचे नेत्रवैद्य. ॲबर्डीनहून १८९७ सालीं लंडनला आले आणि क्ष-किरणांच्या कामांत रमले. कांचेवर एकमेकींस छेदणाऱ्या तारा बसवून ते नळीच्या दोन स्थानांवरून एकाच कांचेवर दोन छाया घेत. मग नळी जेथें जेथें होती तेथून रेशमी धागे ताणून त्यांचीं टोंकें कांचेवरील छायांना लावीत. जेथें दोन धागे एकमेकांना छेदीत, त्याच बिंदूवर हवेंत कणाचें खरें स्थान असे. किरणांची अदृश्य वाट धाग्यानें दृश्य करण्याची ही रीत पहिल्या महायुद्धांत शरीरांतील गोळ्या व तोफगोळ्यांचे तुकडे शोधण्याच्या कामीं आली.

एक परीक्षा तर इतकी साधी होती कीं तिला यंत्रहि लागत नसे. रोग्याला एकदां वर व एकदां खालीं पाहावयास सांगून दोन छाया घ्यावयाच्या. कण जागचा हलला नाहीं तर तो बहुधा डोळ्याच्या बाहेर. नजरेबरोबर वर गेला तर तो डोळ्याच्या पुढील भागांत, आणि नजर वर गेली असतां तो खालीं उतरला तर मागील भागांत. कारण नेत्रगोल आपल्या मध्याभोंवतीं फिरतो, आणि पुढला भाग वर उचलला कीं मागला खालीं जातो.

पुढील तीस वर्षांत या रीतींना अनेक सुधारणा जोडल्या गेल्या. स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड फोग्ट यांनीं १९२१ सालीं हाडांची छाया टाळण्यासाठीं लहानशी फिल्म डोळ्याच्या आंतल्या कोपऱ्याशीं धरून चित्र घेण्याची रीत काढली. डोळ्याच्या पुढील भागांतले अतिसूक्ष्म कणहि त्यायोगें दिसूं लागले. जर्मनीच्या कॉम्बर्ग यांनीं १९२७ सालीं शिशाच्या चार खुणा बसविलेलें कांचेचें भिंग डोळ्यावरच ठेवून छाया घेण्यास आरंभ केला. खुणा डोळ्यासंगें हलत असल्यामुळें मोजमाप डोळ्याशींच बांधलेलें राही. तरीहि एक उणीव राहिलीच. छापील आकृति ही सरासरी डोळ्याची असते, आणि प्रत्येकाचा डोळा सरासरीएवढा नसतो. कण भिंतीच्या अगदीं लगत असला तर तो आंत कीं बाहेर, याविषयीं शंका उरे.

दुसऱ्या महायुद्धानें प्रश्न आणखी बिकट केला. सुरुंग व स्फोटकें यांतून उडणाऱ्या तुकड्यांत लोखंडाबरोबर ॲल्युमिनियम, पितळ व इतर मिश्रधातु असत. त्यांना चुंबक ओढीत नाहीं, आणि ॲल्युमिनियमची छायाहि फिकट पडते. चुंबकावर भिस्त ठेवणाऱ्या वैद्याला आतां नेमक्या ठिकाणीं जाऊन, दृष्टीनें पाहून, चिमट्यानें कण धरावा लागणार होता. ठाव जितका अचूक, तितका डोळा वांचण्याचा संभव अधिक.

शतकाच्या उत्तरार्धांत दोन नवीं साधनें आलीं. पहिलें ध्वनीचें. मानवी कानाला ऐकूं न येणाऱ्या उच्च कंपनांच्या लहरी डोळ्यांत सोडून त्यांचा प्रतिध्वनि मोजण्याचे प्रयोग अमेरिकेंतील मुंट व ह्यूझ यांनीं १९५६ सालीं, आणि फिनलंडमधील ओकसाला व लेहतिनेन यांनीं १९५७ सालीं प्रसिद्ध केले. भिंग पांढरें झालें असो कीं आंत रक्त असो, ध्वनीला त्याचा अडथळा होत नाहीं. धातूवर आपटून येणारा प्रतिध्वनि ठळक असतो, आणि त्याच्यामागें सांवली पडते. त्याचबरोबर त्या विशिष्ट डोळ्याच्या भिंतीहि दिसतात. म्हणजे सरासरीच्या आकृतीवर विसंबण्याचें कारण उरत नाहीं. मात्र डोळा फाटलेला असेल तर त्यावर यंत्राचा दाब पडूं न देण्याची काळजी घ्यावी लागते.

दुसरें साधन गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांचें. लंडनजवळच्या विंबल्डन येथील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत १ ऑक्टोबर १९७१ रोजीं त्यांच्या यंत्रावर पहिल्या रोग्याची तपासणी झाली. हें यंत्र क्ष-किरण अनेक दिशांनीं सोडून गणकयंत्राच्या साह्यानें शरीराचा आडवा छेद चित्रांत उभा करतें. याच कार्याबद्दल १९७९ सालीं हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळालें. ज्यासाठीं स्वीट यांना दोन छाया व डेव्हिडसन यांना दोन धागे लागत, तें काम आतां शेंकडों किरणांची बेरीज करूं लागली. अर्ध्या मिलिमीटरएवढा धातुकणहि पातळ छेदांत सांपडतो, आणि तो डोळ्याच्या भिंतीच्या कोणत्या बाजूस आहे हें बहुधा स्पष्ट दिसतें. त्याच सुमारास रॉबर्ट माखेमर यांनीं नेत्रगोलांतील पारदर्शक रस कापून काढण्याची शस्त्रक्रिया सिद्ध केली, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून चिमट्यानें कण धरणें शक्य झालें. हाबचा प्रचंड चुंबक मागें पडला.

मागें पडला खरा, पण दुसऱ्याच दारानें तो परत आला. १९८० नंतरच्या दशकांत रुग्णालयांतून चुंबकीय अनुनादाचीं यंत्रें बसूं लागलीं. मेंदू, मणके व सांधे यांचीं सुरेख चित्रें देणारें हें यंत्र अतिशय बलवान् चुंबकाच्या पोकळींत रोग्याला निजवून काम करतें. १९८६ सालीं अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत एक हकीकत प्रसिद्ध झाली. धातूचें काम केलेल्या एका रोग्याची या यंत्रांत तपासणी झाली. त्याच्या डोळ्यांत सुमारें २ मिलिमीटर रुंद व साडेतीन मिलिमीटर लांब असा धातूचा तुकडा पूर्वींपासून दडलेला होता, आणि त्याची कोणाला कल्पना नव्हती. चुंबकाच्या ओढीनें तो हलला, डोळ्यांत रक्तस्राव झाला, आणि त्या डोळ्याची दृष्टि गेली. झुरिकमध्यें जी परीक्षा वैद्य जाणूनबुजून करीत, तीच येथें कोणाच्याहि इच्छेवांचून घडली होती.

या एका घटनेनें जगभरच्या रुग्णालयांची वहिवाट बदलली. चुंबकीय तपासणीच्या आधीं रोग्याकडून जी प्रश्नावलि भरून घेतात, तींत ‘डोळ्यांत कधीं धातूचा कण गेला होता काय?’ असा प्रश्न असतो. संशय असल्यास आधीं डोळ्यांच्या खोबणींचें साधें क्ष-किरण चित्र किंवा छेदचित्र घेतात, आणि डोळे निर्धोक ठरल्यावरच रोग्याला चुंबकाजवळ नेतात. अशा रीतीनें शंभर वर्षांपूर्वीं चुंबकाच्या मदतीला आलेले राँटगेनचे किरण आतां चुंबकापासून डोळ्याचें रक्षण करण्यासाठीं दारावर पहारा करीत आहेत.

तथापि या पहाऱ्याचें बळ अखेर रोग्याच्या उत्तरावर अवलंबून असतें. लेथवर, कानशीवर, घणावर किंवा वेल्डिंगच्या कामावर आयुष्य काढलेला मनुष्य वीस वर्षांपूर्वीं डोळ्यांत कांहीं तरी उडाल्याचें विसरून गेलेला असतो. किंवा ‘तें तेव्हांच निघालें’ असें त्याला वाटत असतें. घरांतील वडील माणसास तपासणीसाठीं नेतांना ही आठवण विचारून घेणें हें मुलाबाळांचें काम आहे. हातोडा हातीं घेतांना डोळ्यावर जाड भिंगांचा संरक्षक चष्मा चढविणें, हें त्याहून सोपें काम आहे. आणि कण उडून डोळ्याला लागलाच, तर दुखत नाहीं, दिसतें आहे, एवढ्यावर समाधान न मानतां त्याच दिवशीं नेत्रवैद्याकडे जाणें आवश्यक आहे. डोळा चोळूं नये. घरांतला चुंबक लावून पाहूं नये. आंत काय आहे व कोठें आहे हें समजल्याखेरीज त्याला हात लावावयाचा नाहीं, हा नियम सुश्रुताच्या अध्यायांच्या क्रमांत आहे, स्वीटच्या आंखीव कागदांत आहे, आणि रुग्णालयाच्या त्या छापील प्रश्नांतहि तोच आहे.